पपनस, रोज दोनशे सदतीस मि.लि.

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, १२ ऑक्टोबर २००३

प्रिय दादा,

तू आणि वहिनी बरे आहात असं धरून चालते. इकडच्या बातम्या क्रमाने लिहिते.

फराळाचं पार्सल या वर्षी उशिरा निघेल. चकलीची भाजणी दळून आणली आहे, पुढे काही झालेलं नाही. ऑफिसात मला नवीन प्रोजेक्टवर घातलं आहे, एका विमा कंपनीच्या. काम तेच, दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्यांना राग येणार नाही अशा भाषेत कळवायच्या. सकाळी कंपनीची बस टिळक रोडवरून सुटते, हिंजवडीला पोचायला तास जातो. समोरच्या इमारतीत आणखी एक कॉम्प्युटर क्लास निघाला आहे. त्यांची मुलं आपल्या फाटकासमोर स्कूटर लावतात, म्हणून बाबांनी पाटी लावली: 'येथे वाहन लावल्यास ते आमचे समजले जाईल.'

बाबा सध्या घरी नाहीत. त्याबद्दल खाली येईल.

मेल का टाकला नाही, असं तुला वाटेल. मेल तू लगेच उघडशील आणि लगेच फोन करशील. फोनवर पहिला प्रश्न विचारशील तो मला आज नको आहे. पत्राला आठ-दहा दिवस लागतात. तोवर माझ्याकडे उत्तर असेल. शिवाय बाबांनी तुला यातलं काहीही कळवायचं नाही असं बजावलं आहे. मी 'बरं' म्हणाले होते.

सुरुवात तुझ्या पाकिटापासून करावी लागेल.

ते ऑगस्टच्या मध्यावर आलं. माझ्या नावावर नव्हतं, बाबांच्या नावावर होतं. आई गेल्यावर पहिल्यांदाच. दोन वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा तू येऊ शकला नाहीस. व्हिसाचं कारण खरं होतं, एकदा बाहेर पडलास तर परत जाता येईल की नाही याची खात्री नव्हती, हे मी त्यांना तारखांसकट समजावलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग फोनवर तुला म्हणाले, "तुझ्या सोयीने ये. इथली घाई संपली." त्यानंतर तुम्ही दोघं बोललेला नाहीत. मागच्या डिसेंबरात त्यांच्या छातीत दुखलं, स्टेंट घातला, तेही तू माझ्याकडूनच विचारून घेतलंस.

पाकिटात चार छापील पानं होती. ग्रेपफ्रूटच्या रसाने कोलेस्टेरॉल उतरतं, रक्तवाहिन्या नरम राहतात, हृदयाला बळ येतं, रोज आठ औंसांचा एक ग्लास घ्यावा, वगैरे. सोबत तुझं एक अक्षरही नव्हतं. मी पाकीट उलटं करून झटकलं. बाबांनी तसं काही केलं नाही. त्यांनी पाकिटावरचा पत्ता वाचला. "चारचा आकडा अजून उघडाच काढतो," म्हणाले, आणि चष्मा लावून लेखाला बसले.

मंडईत ग्रेपफ्रूट मिळत नाही. आपल्या फळवाल्या विमलाबाईंनी नाव ऐकून त्यांना द्राक्षांकडे बोट दाखवलं. पण बाबांनी शाळेत तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आहे. नेमकं फळ मिळत नसेल तर त्याच्या कुळातलं जवळात जवळचं कोणतं, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच घातला आणि उत्तर घेऊन घरी आले. दोन पपनसं, माझ्या हेल्मेटएवढी. गणपतीपुढे पाच फळं ठेवताना त्यातलं एक आपण आणायचो आणि विसर्जनानंतर कोणी खायचं नाही म्हणून ते आठवडाभर इकडून तिकडे फिरायचं, तेच.

मग रोजचा कार्यक्रम ठरला. मिक्सर वापरला की सालीतला कडूपणा उतरतो, म्हणून प्रत्येक फोड हाताने सोलायची. पांढरा पापुद्रा नखाने काढायचा. दाणे फडक्यात घालून पिळायचे. आठ औंस म्हणजे किती, याचं गणित करून ते दोनशे सदतीस मिलिलिटरवर आले. शाळेच्या प्रयोगशाळेतलं एक कानतुटकं मोजपात्र त्यांच्याकडे होतं, त्यात रस ओतून, डोळा रेषेच्या पातळीवर आणून, खाली वाकून बघायचे. संध्याकाळी जेवल्यावर घ्यायचे. कोलेस्टेरॉलची गोळी त्याच वेळी असते, म्हणून ती त्याच घोटाबरोबर.

गणपती गेल्यावर विमलाबाई म्हणाल्या, "आता याला कुत्रं इचारत न्हाई, मास्तर. तुमच्यासाठी बाजूला ठेवते." पर्वतीच्या टेकडीवर रोज बाबांबरोबर चढणारे तात्याराव म्हणाले, "श्रीनिवासराव, मुलगा अमेरिकेत आणि तुम्ही गणपतीची उरलेली फळं खाता?" बाबा म्हणाले, "तुमचा मुलगा कोथरूडला आहे. त्याने काय पाठवलं?"

तात्याराव दोन दिवस पर्वतीवर आले नाहीत.

मला याचा राग आला होता, हे इथेच लिहून टाकते. स्टेंट घातल्यापासून त्यांच्या गोळ्या मी आणते. मीठ कमी करा म्हणून मी सांगते. त्यावर "डॉक्टरांनी मला आजन्म गिऱ्हाईक केलंय आणि तू त्यांची वसुलीवाली" असं ऐकून घेते. आणि तुझ्या चार पानांसाठी, ज्यात तू एक ओळही लिहिली नव्हतीस, हा माणूस रोज तासभर फोडी सोलत होता.

सप्टेंबरच्या शेवटी त्यांचं रक्त तपासलं. वाईट कोलेस्टेरॉल एकशे अठराचं एकोणसत्तर झालं होतं. डॉक्टर खूश. बाबांनी रिपोर्ट माझ्या टेबलावर, माझ्या कीबोर्डवर, उघडा ठेवला. मी तो तुला कळवावा, एवढाच त्याचा अर्थ होता. मी कळवला नाही.

आता भेटीची वेळ होईल. हॉस्पिटलात जायचं आहे. हो, हॉस्पिटलात. पुढचं नंतर.

बुधवार, १५ ऑक्टोबर

रविवारी जे टाळलं ते आधी लिहिते. बाबांची मूत्रपिंडं गेल्या आठवड्यात जवळजवळ बंद पडली. अजून सुरू झालेली नाहीत. आज-उद्या सुधारणा दिसली नाही तर डायलिसिसला घेतील. हृदय ठीक आहे. मेंदू तर पूर्ण ठीक आहे, कालच त्यांनी नर्सच्या चार्टमधली बेरजेची चूक काढली.

झालं असं. महिनाअखेरीपासून त्यांच्या मांड्या दुखायला लागल्या. पर्वतीमुळे, असं तेच म्हणाले. दसऱ्याला पर्वतीवर गेले नाहीत, मला त्यात काही वाटलं नाही. गेल्या गुरुवारी पहाटे त्यांना खुर्चीतून उठता येईना. हातांनी रेटून उठायला गेले आणि परत बसले. मग मला, दुसरीकडे बघत, म्हणाले की लघवी काही दिवस कोऱ्या चहासारखी होते आहे. मुलीला सांगण्यासारखी गोष्ट नाही म्हणून सांगितली नव्हती.

स्नायूंना इजा होते तेव्हा रक्तात एक घटक वाढतो. तो दोनशेच्या आत असावा. बाबांचा चाळीस हजारांवर होता. मी लॅबला फोन करून शून्य जास्त पडलंय का विचारलं. त्यांनी पुन्हा तपासलं, तेवढाच आला. त्यांच्या मांड्यांचे स्नायू फुटून रक्तात उतरत होते, आणि तो गाळ मूत्रपिंडात जाऊन बसत होता.

वॉर्डात डॉ. प्रियदर्शनी म्हणून एक शिकाऊ डॉक्टर आहे, लातूरकडची, माझ्याच वयाची. तिला गोळीचा संशय पहिल्याच दिवशी आला. ही गोळी क्वचित कुणाच्या स्नायूंना त्रास देते. तिने ती बंद केली. पण डिसेंबरपासून सुखाने चाललेली गोळी एकाएकी का उलटावी, हे तिला कळेना. "काका, दुसरं काई औषध? काढा, चूर्ण, आयुर्वेदिक, कुणी दिलेलं?" तिने तीनदा विचारलं. बाबा तिन्ही वेळा नाही म्हणाले. ते खरंच होतं. फळ हे औषध नव्हे.

माझ्या कामात एक नेहमीचा प्रकार आहे. दोन प्रोग्रॅम वेगवेगळे तपासले की दोन्ही बिनचूक निघतात. एकत्र चालवले की कोसळतात. अशा वेळी प्रोग्रॅम बघायचा नसतो, आत काय काय जातंय ते सगळं बघायचं असतं, बिनमहत्त्वाचं वाटतं तेसुद्धा. शुक्रवारी मी कपडे न्यायला घरी आले. ओट्यावर अर्धं सोललेलं पपनस होतं, वाळून पुठ्ठ्यासारखं झालेलं. मी ऑफिसात जाऊन गोळीचं नाव आणि ग्रेपफ्रूट, दोन्ही शब्द एकत्र टाकून शोधलं.

मी सहसा थक्क होत नाही, तुला माहीत आहे. त्या दुपारी झाले.

आपल्या आतड्याच्या अस्तरात एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. द्वारपालासारखं. ही गोळी पोटात गेली की तिचा बराचसा भाग हे विकर तिथल्या तिथे मोडून टाकतं आणि थोडाच आत सोडतं. डोस ठरवणाऱ्यांनी हे नुकसान आधीच धरलेलं असतं. ग्रेपफ्रूटमध्ये एक पदार्थ आहे, तो या विकराला कायमचा निकामी करतो. अडवत नाही, निकामीच करतो. शरीराला नवीन बनवायला दोन-तीन दिवस लागतात. रोज रस घेतला तर ते बनतच नाही. मग गोळी पूर्ण आत जाते. एक गोळी घेतली तरी रक्तात कित्येक गोळ्यांइतकं औषध.

म्हणजे एकोणसत्तरचा आकडा पपनसाने आणला नव्हता. तो गोळीनेच आणला होता, पपनसाने फक्त दार उघडं ठेवलं होतं. आम्ही ज्या आकड्यावर खूश होतो तोच धोक्याचा होता. सगळ्याच कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचं असं होत नाही, काहींचंच होतं. रस एकटा घेतला असता तरी काही झालं नसतं. फळात दोष नाही, गोळीत दोष नाही, लेखात लिहिलेलंही कदाचित एखाद्या माणसासाठी खरं असेल. एका झाडाने स्वतःच्या कामासाठी बनवलेला पदार्थ सदाशिव पेठेतल्या एका माणसाच्या आतड्यात जाऊन नेमक्या त्याच कुलपाला लागतो. मी खुर्चीत बसून होते, समोर विमा कंपनीचं काम उघडं होतं, आणि मला वाटलं की आपण तीस वर्षांची, शंभर वर्षांची मेहनत घेतली तरी असली चाचणी आपल्याला सुचली नसती.

छापून घेऊन मी वॉर्डात गेले. डॉ. प्रियदर्शनीने सगळं वाचलं. म्हणाली, "ग्रेपफ्रूटचं मला माहीत आहे. पण इथं कुणी घेतच नाही, म्हणून विचारलं नाही. पपनसाचं मात्र मी काई वाचलेलं नाही. ते वेगळं फळ आहे ना?"

बाबा डोळे मिटून पडले होते. आम्हाला वाटलं झोपलेत. डोळे न उघडता ते बोलले. वर्गातला आवाज, तू ओळखशील.

"वेगळं नाही. ग्रेपफ्रूट हा संकर आहे. एका बाजूला संत्र्याची जात, दुसऱ्या बाजूला पपनस. पपनस ही ग्रेपफ्रूटची आई म्हणा. मुलात जे आहे ते आईकडून आलेलं असण्याची शक्यता फार. म्हणूनच तर मी..."

आणि थांबले. डॉ. प्रियदर्शनीने माझ्याकडे बघितलं, मग सलाइनकडे. मला तेव्हा हेच वाटत राहिलं की त्यांची निवड किती अचूक होती. दुसरा कोणी असता तर मोसंबी आणून मोकळा झाला असता आणि धडधाकट राहिला असता. बाबांनी बरोबर फळ निवडलं.

ती गेल्यावर म्हणाले, "आमोदला हे कळवायचं नाही."

मी कारण विचारलं.

"त्याने दोन वर्षांत एक गोष्ट पाठवली, सलू. ती घेऊन मी इथे आलो असं त्याला कळलं तर तो पुन्हा काही पाठवणार नाही."

मी 'बरं' म्हणाले ते तेव्हा. पाच दिवस पाळलं. हे लिहायला घेतलं तेव्हाही शेवटपर्यंत जाईन याची खात्री नव्हती. लेखाचं हे सांगून तुला अपराधी करायचं नाही. माझा हिशेब वेगळा आहे. आता गप्प राहिले आणि डायलिसिसची वेळ आली, किंवा त्यापुढची, तर तुला ते आणखी कोणाकडून कधीतरी कळेल, आणि तोपर्यंत तुला वाटत राहील की तुझी चार पानं इथे कोणी वाचलीच नाहीत. ती वाचली. पेन्सिलीने खुणा करून वाचली. शब्दशः पाळली.

शनिवार, १८ ऑक्टोबर

मूत्रपिंडं सुरू झाली.

डायलिसिस करावं लागलं नाही. गुरुवारी सकाळी पलंगाला लावलेल्या पिशवीतला रंग थोडा उतरला. मला वाटलं उजेडामुळे. दुपारी उसाच्या रसासारखा, काल सरबतासारखा, आज जवळजवळ पाणी. रक्तातले आकडेही रोज खाली येत आहेत. मोठे डॉक्टर म्हणाले, पूर्ण भरून येईल असं दिसतंय, मांड्यांना मात्र दोन-तीन महिने लागतील.

एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख चाळण्या असतात, हे मी या आठवड्यात वाचलं. दोन्ही मिळून दिवसाला दीडशे लिटरच्या वर पाणी गाळतात आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत शोषून घेतात. बाबांच्या त्या वीस लाख चाळण्या गाळाने तुंबल्या होत्या. कोणी आत जाऊन त्या साफ केल्या नाहीत. फक्त सलाइन चालू ठेवलं आणि वाट पाहिली. आणि त्या एकेक करून स्वतःच्या स्वतः उघडल्या. मी आज दुपारी स्टुलावर बसून त्या पिशवीत थेंब पडताना बघत होते. लघवीची पिशवी, दादा. तात्याराव भेटायला आले होते, ते संकोचून खिडकीबाहेर बघत बसले. मला नजर काढता येत नव्हती. मी आयुष्यात काही इतकं सुंदर बघितलं आहे असं मला आठवत नाही.

तात्याराव सफरचंदं घेऊन आले होते. बाबांनी विचारलं, "याचं संशोधन वाचलंत का?"

ते गेल्यावर मी बाबांना सांगितलं की मी तुला लिहिते आहे. सगळं. लेख, पपनस, गोळी, आणि कळवायचं नाही म्हणालात तेसुद्धा.

त्यांनी हाताच्या सुईवरची चिकटपट्टी नीट केली, ती नीटच होती. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. मग म्हणाले, "पाकिटात टाकलंस?"

अजून नाही, मी म्हणाले.

"मग शेवटी जागा ठेव आणि मी सांगतो ते लिही. तुझी भाषा घालू नकोस."

पत्र माझ्या पिशवीतच होतं. मी हे पान त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ठेवून लिहिते आहे. ते सांगत आहेत, मी थांबत आहे, ते पुन्हा सांगत आहेत. एकदा चष्मा काढून पुसला. एक वाक्य सांगून खोडायला लावलं, ते मी खोडलं आहे, वाचता येणार नाही असं.

'चि. आमोद यास,

पाठवलेला लेख मिळाला. विषयाची मांडणी सोपी आहे. लेखकाने गोळी घेणाऱ्या माणसाचा विचार केलेला नाही, ही त्रुटी आहे, पण ती पाठवणाऱ्याची नव्हे. मी माझ्या बुद्धीने पर्याय निवडला आणि तो शास्त्राला धरून होता. तरी काही शंका राहिल्या आहेत. त्या पत्राने सुटणाऱ्या नाहीत. यापुढे असं काही पाठवायचं झाल्यास ते घेऊन स्वतः यावं. शंका समोरासमोर विचारता येतात.

तुझ्या सोयीने ये असं मी पूर्वी म्हणालो होतो. ते वाक्य मागे घेतो. सोय बघू नकोस.'

एवढं सांगून त्यांनी डोळे मिटले आहेत. या वेळी खरोखर झोपलेत, मी खात्री करून घेतली.

वरचा मजकूर त्यांनी सांगितला तसाच उतरवला आहे. त्यात माझा एकही शब्द नाही.

खालचं नाव मात्र माझं, आणि त्यांचं शेवटचं वाक्य माझंही,

सलोनी